समजा, ही हळद आहे

“सर, हा प्रयोग तुमी सोता कधी करून पायला का?”

प्रश्न नववी ‘ब’च्या तिसऱ्या बाकावरून आला होता आणि विचारणारी प्राजक्ता होती. तसा तो तिचा प्रश्न नव्हताच. मधल्या सुट्टीत चंदा म्हणाली होती, “तू नाई विचारू शकत. तुयात दमच नाई.” अदितीनं वर मीठ चोळलं होतं, “कशी विचारीन ते? घरी जेवन बंद होईन न तिचं!” कारण अकोटच्या त्या शाळेत विज्ञान शिकवणारे गोवर्धन सर हे प्राजक्ताचे सख्खे बाबा होते.

गोवर्धन सरांना सगळी शाळा पाठीमागं ‘समजा सर’ म्हणायची. बावीस वर्षांत त्यांनी अख्खं विज्ञान एका खडूवर शिकवलं होतं. “समजा, हा खडू म्हणजे मेणबत्ती.” तोच खडू दुसऱ्या तासाला परीक्षानळी व्हायचा, तिसऱ्या तासाला चुंबक, आणि एकदा तर तो बेडूकही झाला होता. प्रयोगशाळेला कुलूप होतं. किल्ली, समजा, शिपायाकडे होती.

त्या दिवशी खडू हा हळदीचा कागद होता आणि डस्टर हे साबणाचं पाणी. कागद पाण्यात बुडाला, सर म्हणाले, “समजा, आता हा लाल झाला,” आणि प्राजक्तानं तोंड उघडलं. वर्गात असा सन्नाटा पसरला, की सरांच्या हातातला कागद पुन्हा खडू झाला.

नेमके तेव्हाच मुख्याध्यापक दारावरून जात होते. ते आत आले आणि प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, “गोवर्धन सर, बरं झालं! अमरावतीला विज्ञान शिक्षकांची कार्यशाळा आहे. एक शिक्षक, एक विद्यार्थी, आणि स्वतःच्या हातानं केलेला एक प्रयोग. रविवारी तुम्ही अन्‌ ही मुलगी जा.” ते पत्र आठ दिवसांपासून त्यांच्या टेबलावर पडलं होतं आणि रविवार म्हटल्यावर सगळ्या शिक्षकांच्या घरी लग्नं निघाली होती, हे त्यांनी सांगितलं नाही.

घरी गेल्यावर बाबांनी प्राजक्ताशी बोलणं बंद केलं. म्हणजे बोलत होते, पण आईमार्फत.

“सुभद्रा, तुया पोरीले सांग, अकोल्याले आत्याकडं राह्यची तयारी ठेव म्हना. टीसी काढून रायलो मी तिची. ज्या शायेत मी सर, त्या शायेत ते नको.”

“ते तुमच्या समोरच उभी हाये,” आई कणीक मळत म्हणाली.

“तरी सांग.”

आईनं मान वळवली. “सांगू का वं?”

“आयकलं मी,” प्राजक्ता म्हणाली. आवाज तिनं कडक ठेवला. अकोल्यात सगळं होतं. आत्याच्या घरी कूलरही होता. फक्त चंदा नव्हती, अदिती नव्हती, आणि सकाळी तिच्या सायकलच्या पुढं, मुद्दाम हळू चालणारी बाबांची गाडी नव्हती. बाबांनी मात्र त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला, सही ठोकली, आणि रविवारी परत येताना मुख्याध्यापकांच्या घरी देऊन येतो, असं आईला, म्हणजे प्राजक्ताला, सांगितलं.

शनिवारी दुपारी बावीस वर्षांतला पहिला प्रयोग सुरू झाला. पुस्तकात गाळणकागद लिहिला होता. बाबांनी गेल्या वर्षीचं गुळगुळीत कॅलेंडर काढलं. “समजा, हा गाळणकागद आहे,” असं सवयीनं स्वतःलाच सांगून त्यांनी पट्ट्या कापल्या, आईच्या परातीत अर्धा डबा हळद कालवली, पट्ट्या बुडवल्या आणि अंगणातल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या. त्या दोरीच्या खालच्या दोरीवर त्यांचा पांढरा शर्ट वाळत होता. विज्ञानाच्या कामाला पांढरंच घालावं, अशी त्यांची श्रद्धा होती.

कॅलेंडरच्या कागदानं हळद धरली नाही. शर्टानं धरली.

“अवो, शर्टावर हयद सांडली न!” आई ओरडली. “आता त्याले साबन लावजा नोका बरं, लाल होईन. उन्हात टाकते, उडून जाईन.”

“तू मले विज्ञान शिकवू नोको,” बाबा म्हणाले. ते तेव्हा पुस्तकात तेच वाक्य शोधत होते.

ऊन थोडं कमी पडलं. रविवारी सकाळी शर्टावर खिशाच्या खाली फिकट पिवळा पट्टा राहिला होता, पण तो बारकाईनं पाहिलं तरच दिसे, आणि बारकाईनं पाहायची सवय घरात कोणाला नव्हती. बाबांनी खिशात टीसीचा अर्ज ठेवला आणि दोघं दर्यापूरमार्गे जाणाऱ्या एसटीत बसले. बाबा पुढं, प्राजक्ता चार सीट मागं.

“हे पोरगी तुमच्यासोबत हाये का?” कंडक्टरनं विचारलं.

“कागदावर हाये,” बाबा म्हणाले.

कार्यशाळा एका शाळेच्या सभागृहात होती. चाळीस टेबलं, चाळीस शिक्षक. नाश्त्याला पोहे होते आणि प्रत्येक प्लेटमध्ये लिंबाची फोड. मार्गदर्शक चारुशीला मॅडम टेबलाटेबलावर जाऊन पाहत होत्या. शेजारच्या टेबलावर तिवश्याचे उत्तमराव सर होते. त्यांनी फुग्याचा प्रयोग आणला होता, पण फुगा ते घरी विसरले होते. त्यामुळे ते दुसऱ्यांचे प्रयोग मन लावून बघत होते.

मॅडम आल्या. “हं, दाखवा सर.”

बाबांनी पट्टी मगातल्या साबणाच्या पाण्यात बुडवली. पट्टीवर एका बाजूला मार्च महिना होता. तो मार्चच राहिला. बाबांनी दुसरी पट्टी घातली. तिसरी घातली. शेवटी चारही बोटांनी मग ढवळून काढला.

“समजा, आता हा...” त्यांनी सुरुवात केली.

“समजा नको सर,” मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. “आज प्रत्यक्ष. करा तुम्ही, मी तिकडचं बघून येते.”

त्या वळल्या. बाबांनी घाम पुसायला हात उचलला, कोपर मगाला लागलं आणि अख्खा मग त्यांच्या छातीवर रिकामा झाला.

एक क्षण काहीच झालं नाही. मग पांढऱ्या शर्टावर, खिशाच्या खाली, बरोबर काळजाच्या जागी, लाल डाग उमलला आणि सावकाश पसरू लागला.

“रक्त!” उत्तमराव सर किंचाळले. “अरे, रक्त निंगालं!”

एकोणचाळीस विज्ञान शिक्षक धावले. कोणी पंखा लावला, कोणी बंद केला. एकानं कांदा हुंगवायला सांगितलं. दोघांनी बाबांना टेबलावर आडवं केलं, तेव्हा एकानं पाय वर धरले आणि दुसऱ्यानं डोकं, कारण नक्की काय वर धरायचं यावर एकमत होईना. उत्तमराव सरांनी अॅम्ब्युलन्सला फोन लावला.

बाबांना काही होत नव्हतं. पण बावीस वर्षांची सवय अशी ऐन वेळी सुटत नाही. त्यांनी सगळा जीव एकवटून खरं तेच सांगितलं:

“समजा, ही हळद आहे!”

“भ्रमात बोलून रायले,” उत्तमराव सर फोनमध्ये म्हणाले.

“नाही हो! समजा, मला काहीच झालं नाही!”

“हिंमत पाहा मानसाची!” पाय धरणारे सर गहिवरले.

प्राजक्ता बाकावर चढली. गर्दीतून तिला बाबांचा चेहरा दिसला. बाबा तिच्याकडेच पाहत होते. चार दिवसांत पहिल्यांदा, थेट.

“प्राजू,” ते म्हणाले, “सांग न वं यायले.”

सांगून कोणी ऐकणार नव्हतं, हे एव्हाना तिला कळलं होतं. तिनं उत्तमराव सरांच्या पोह्यांमधली लिंबाची फोड उचलली, दोन सरांच्या काखेखालून आत शिरली आणि बाबांच्या छातीवर लिंबू पिळलं. करकचून.

लाल डाग पिवळा झाला.

उत्तमराव सर अजूनही फोनवर बोलत होते. “लवकर या हो! पेशंट पिवळा पडला!”

“कोणी काही बोलू नका,” गर्दीतून वाट काढत चारुशीला मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. “पुन्हा साबणाचं पाणी टाका बरं.”

प्राजक्तानं टाकलं. लाल. लिंबू. पिवळा. मग एक सर लाजत म्हणाले, “मी करून पाहू का?” मग दुसरे. शेवटी बाबांनी शर्टच काढून दिला आणि तो टेबलाटेबलावर फिरला. बाबा बनियनवर उभे राहून सांगत होते, “हे पाहा, हळद. हे पाहा, साबण. आता हा लाल झाला.” प्राजक्ता मोजत होती. वीस मिनिटांत एकदाही ‘समजा’ आलं नाही.

अॅम्ब्युलन्स आली, तेव्हा पेशंट कोण, हा प्रश्न निघाला. रिकामं पाठवणं बरं दिसेना. मग उत्तमराव सरांचं बीपी तपासलं. ते खरंच वाढलेलं निघालं.

परतीच्या एसटीत बाबा आणि प्राजक्ता एकाच सीटवर बसले. बाबांच्या अंगावर मॅडमनी दिलेला कार्यशाळेचा टीशर्ट होता. घरी पोचल्यावर आईनं पिशवीतून पांढरा शर्ट काढला, तो आता कुठल्याच रंगाचा राहिला नव्हता. खिशात तिला एक ओला गोळा सापडला. तिनं तो ताटलीत ठेवून उलगडायचा प्रयत्न केला. ‘विनंती’ एवढाच शब्द उरला होता, आणि तोही वाहत होता.

“हे काय हाये जी?”

बाबा गोळ्याकडं पाहत राहिले. मुख्याध्यापकांचं घर रस्त्यातच होतं. स्टँडवरून येताना बाबांची गाडी तिथं हळूही झाली नव्हती.

“समजा,” ते हळूच म्हणाले, “हा अर्ज मी लिहिलाच नव्हता.”

आईनं प्राजक्ताकडं पाहिलं. “सांगू का वं?”

“आयकलं मी.” प्राजक्तानं आत्याकडं न्यायची भरून ठेवलेली बॅग खाटेखालून ओढली आणि उलटी केली. “आई, बाबा, दोघंबी आयका. मी अकोल्याले जाऊन नाई रायली. मी ठरवलं.”

“काहून वं?” बाबांनी विचारलं. त्यांना तिच्या तोंडून काहीतरी बरं ऐकायचं होतं.

“उद्यापासून विजेचा धडा हाये न बाबा,” प्राजक्ता म्हणाली. “कोनीतरी मेन स्विचपाशी उभं राह्यले पायजे.”