कोथिंबीर विकत घेण्याबाबत

संकटकाळात आधी जीवनावश्यक काय ते ठरवावं लागतं. जीव कुणाचा, हे मागाहून बघता येतं. या तत्त्वाला धरून टाळेबंदीच्या पहिल्या उन्हाळ्यात भाजीपाला जीवनावश्यक ठरला, ही आनंदाची गोष्ट होय. लातूर जिल्ह्यातल्या मुरुडजवळच्या रामलिंगलाही आनंद झाला. त्याच्या पाच गुंठ्यांत कोथिंबीर उभी होती.

उन्हाळी कोथिंबीर म्हणजे सोनंच. लग्नसराईत आचारी बांधावर येऊन जुड्या उचलतात. त्या पैशातून मिरगाआधी सोयाबीनचं बियाणं आणायचं, असं रामलिंग आणि त्याची बायको उज्वला यांनी ठरवलं होतं. पण लग्नं बंद, आठवडी बाजार बंद, खानावळी बंद. कोथिंबीर तेवढी चालू. आठवड्याभरात ती फुलावर आली असती, मग तिला शेळीनंही विचारलं नसतं. (शेळीनं तसं आधीच तोंड फिरवलं होतं.) घरात पोषणाची नुसती चंगळ. सोमवारी कोथिंबिरीची वडी, मंगळवारी चटणी, बुधवारी पिठलं कमी अन् कोथिंबीर जास्त. गुरुवारी उज्वलानं कोथिंबिरीच्या वडीवर सवयीनं वरून कोथिंबीर भुरभुरली, तेव्हा रामलिंग ताटावरून उठला.

"लातूरला जाऊन येतो बाई," म्हणाला.

वाटेत नाकाबंदीवर हवालदारानं मोटारसायकल अडवली. "हे जीवनावश्यक हाय का?"

"भाजीच की, साहेब."

हवालदारानं नीट विचार केला, चार जुड्या काढून घेतल्या आणि कोथिंबीर जीवनावश्यक असल्याचं मान्य केलं.

लातूरच्या एका सोसायटीनं 'शेतकरी आपल्या दारी' असा स्तुत्य उपक्रम काढला होता. नियम मोजके आणि माणुसकीचे होते. शेतकऱ्यानं फाटकाबाहेर चुन्याच्या गोलात उभं राहावं. भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवून दोन तास उन्हात ठेवावी (भाजीची इच्छा असो वा नसो). शेतकऱ्याशी आदरानं, पण लांबून बोलावं. आणि तो निघाला की गॅलरीतून टाळ्या वाजवाव्यात. अध्यक्ष प्रमोदिनी मॅडम, गृहविज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापिका, हातमोजे घालून स्वतः खाली आल्या.

"किती ताजी हो कोथिंबीर! पण भाजी कुठंय?"

"हीच की भाजी, मॅडम."

"अहो, ही वरची झाली. खालची?"

रामलिंगनं खाली बघितलं. खाली चुन्याचा गोल होता.

त्याच दुपारी सोसायटीची ऑनलाइन सभा भरली. सचिव आलोक यांनी निदर्शनास आणलं की, स्थापनेपासून आजतागायत एकाही सभासदानं कोथिंबीर विकत घेतल्याची नोंद नाही. ती शंभर टक्के सभासद खातात, शून्य टक्के विकत घेतात. आज पायंडा पडला तर उद्या कढीपत्त्याची हिंमत वाढेल. (एक सभासद बराच वेळ हातवारे करत होते, पण त्यांचा आवाज बंद होता.) एकमतानं ठराव झाला: शेतकऱ्यानं रीतसर भाजी आणावी; कोथिंबीर आपोआप खपेल. शेतकऱ्याला मदत करण्याची सर्वांची तीव्र इच्छा असल्याचंही ठरावात घातलं, आणि मॅडमनी तो रामलिंगला फोनवर वाचून दाखवला.

रामलिंगला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. पण पीक कुणाच्या रागासाठी थांबत नसतं. त्यानं शेजारच्या शेषेरावाकडून वांगी आणि दोडके विकत घेतले. (शेषेराव दिलदार माणूस. त्यानं वर कढीपत्ता फुकट टाकला.)

दुसऱ्या दिवसापासून उपक्रम जोरात चालला. वांगी ज्या भावानं आणली त्याच भावानं गेली, कारण मॅडमला भाव करता येत होता. कोथिंबिरीवर मात्र उड्या पडल्या. "एवढीशीच काय टाकता, भाऊ? घरचीच आहे ना तुमच्या!" कीर्ती पसरली तशी आसपासच्या सोसायट्यांतूनही बोलावणी आली. चार दिवसांत पाच गुंठे साफ. शेतमालाचा असा शंभर टक्के उठाव भल्याभल्यांना साधत नाही.

शेवटच्या खेपेनंतर उज्वलानं रिकामं पोतं झटकून बघितलं. "सगळी खपली?"

"खपली."

"मग बियाणं?"

रामलिंगनं तिच्या हातातून पोतं घेऊन त्याची घडी घातली. म्हणाला, "लोक लई चांगले हायत गं. टाळ्या वाजवल्या."

"टाळ्या पेरता येत्यात का?"

मिरग लागला. सोयाबीनचं रान मोकळं पडलेलं. घरात पेरण्यासारखं एकच होतं, धने.

"पावसात सडती कोथिंबीर. निम्मी बी हाती लागायची न्हाई," उज्वला म्हणाली.

"न्हाई तर न्हाई. रिकामं रान बघवंना मला."

दोघांनी धने रगडले आणि सगळ्या रानात पेरले.

तेव्हा वाचकहो, अन्नसुरक्षेची काळजी नसावी. पुरवठा सुरळीत आहे. भाजी घेऊन झाली, पैसे देऊन झाले, तरी लगेच निघायचं नाही. पिशवीचं तोंड उघडं धरून जरा वेळ तसंच उभं राहायचं. तोंडानं मागावं लागत नाही, समोरच्याला कळतं. काल तुम्ही उभे होतात, तेव्हाही त्याला कळलं होतं.