मला सांगू नका, मी नोंदणीकृत नाही

रविवार, ८ जून, सकाळ. जागा: सोसायटीचं ऑफिस, मुलुंड पूर्व. उपस्थित: अध्यक्ष दामले, खजिनदार शहा, सचिव, म्हणजे मी, वर्षा, तळमजल्यावरची रिकामी खोली भाड्याने मागायला आलेले एक ‘माइंड हीलर’ सर, आणि कोणीही बोलावलेलं नसताना बी-४०३ ची प्रतिभा सावंत. अनुपस्थित: परब काका, ज्यांच्या नावाने हा सगळा घाट घातला होता.

प्रतिभा आली ती बसलीच नाही. दारात चपला काढता काढता तिने सरांना विचारलं, “सायकॉलॉजिस्ट म्हणवता ना? नोंदणी क्रमांक सांगा.”

सरांनी गोड हसून एक प्रमाणपत्र पुढे केलं. सोनेरी किनार, लाल फीत, खाली तीन सह्या. शनिवार-रविवारचा कोर्स होता, तोही ऑनलाइन.

“हे नको. दिल्लीच्या परिषदेचा क्रमांक. ती यादी सगळ्यांना बघता येते. नाव सांगा, आत्ता मोबाइलवर बघते.”

“मॅडम, कागदात काय आहे? मी पंधरा वर्षं माणसं वाचतोय.”

“वाचा की. पण पाटीवर सायकॉलॉजिस्ट लिहू नका.”

“मग काय लिहू?”

“वाचनालय लिहा.”

शहा खोकला आल्यासारखं करून हसले. दामले मात्र चिडले. “अहो सावंतबाई, सर परब काकांची पहिली तीन सत्रं फुकट घेणार आहेत. बायको गेल्यापासून काका घराबाहेर पडलेले नाहीत. तुम्हाला माणुसकी आहे की नाही?”

“आहे ना. म्हणूनच नोंदणी विचारतेय. उद्या तुमच्या अँजिओप्लास्टीला असा शनिवार-रविवारवाला चालेल?”

खोली मिळाली नाही. सरांनी जाताना आमच्या इमारतीत नकारात्मक ऊर्जा असल्याचं सांगितलं. मी ते इतिवृत्तात घेतलं नाही.

ही प्रतिभा. वय सत्तेचाळीस, अंधेरीच्या एका कंपनीत पगारपत्रकं करते, घरी एकटी. शिक्षण एम.ए., मानसशास्त्र. आणि गंमत अशी की बोगस लोकांच्या मागे ती जितकी लागते, त्याहून जास्त ती स्वतःच्या मागे लागलेली असते. एम.ए.ला मानसशास्त्र होतं म्हटल्यावर बिल्डिंगमधली माणसं साहजिकच तिच्याकडे मन मोकळं करायला जातात. जातात आणि आपटतात. एकदा मिसेस शहा लिफ्टमध्ये तिला नणंदेबद्दल सांगता सांगता रडायला लागल्या. प्रतिभाने हात आडवा धरला. “ताई, थांबा. मला सांगू नका, मी नोंदणीकृत नाही.” आणि दुसऱ्या मजल्यावर उतरून दोन मजले जिन्याने गेली. मिसेस शहांचं रडणं अपमानाने जागच्या जागी थांबलं. एका अर्थी उपचार झालाच म्हणायचा.

रिक्षातही तेच. ड्रायव्हर काकुळतीला येऊन म्हणाला, “मॅडम, बहुत परेशान हूँ, क्या करूँ?” हिने लगेच सांगितलं, “भैया, मुझे मत बताओ, मेरा रजिस्ट्रेशन नहीं है.” तो म्हणाला, “मैं तो पूछ रहा था, ब्रिज के ऊपर से लूँ या नीचे से.”

बाजाराच्या गल्लीत एक पाटी होती: ‘समुपदेशन, वास्तू, अंकशास्त्र, वजन घटवणे’. प्रतिभा आत गेली, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली आणि समोरच्या बाईंची तोंडी परीक्षा घेतली. एम.ए. कुठून? पुढचं प्रशिक्षण कुठलं? देखरेख कोणाची होती? पेशंट किती पाहिले? बाईंनी शेवटी तिला फ्रिजला लावायचा गणपती दिला आणि दार लावून घेतलं. पाटी मात्र अजून तिथेच आहे. समुपदेशक हा शब्द तर इथे कोणीही दारावर लावतो. विचारणारं कोणी नाही. दूधवाल्याला परवाना लागतो, पाणीपुरीवाल्याला लागतो, आणि माणसाच्या डोक्यात हात घालायला नुसती पाटी पुरते! हे मी प्रतिभाचं म्हणून सांगत नाही, हे माझं स्वतःचं म्हणणं आहे.

खरी वाट काय आहे, ते आता मला पाठ झालंय, कारण पाण्याची टाकी साफ करायची नोटीस लावतानासुद्धा ती मला तेच ऐकवते. बी.ए. करा. एम.ए. करा, तेही बऱ्या मार्कांनी. मग प्रवेश परीक्षा, मुलाखत, आणि मान्यताप्राप्त संस्थेत दोन वर्षं पूर्ण वेळ. नोकरी सांभाळून नाही, दूरशिक्षणाने नाही. नोंदणीकृत शिक्षकाच्या नजरेखाली खरे पेशंट, त्यांच्या नोंदी, प्रबंध, परीक्षा. त्यानंतर परिषदेकडे अर्ज. मग कुठे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणायचं. तेही कायमचं नाही. ठरावीक वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी पुन्हा शिकत राहायचं. मधेच अभ्यासक्रम बदलणार, जुना बंद होणार, नाही होणार, असा घोळ वेगळाच.

“आणि जागा किती असतात?” मी एकदा विचारलं.

“एका संस्थेत? आपल्या लिफ्टमध्ये मावतील एवढ्या. परीक्षेला बसणारे आपल्या स्टेशनवर मावणार नाहीत.”

“मग माणसांनी जायचं कुठे?”

“हेच तर!” ती इतक्या जोरात ओरडली की टाकी साफ करणाऱ्या माणसाने वरून डोकं बाहेर काढलं.

इथवर मी तिच्या बाजूने होते. परब काकांच्या बाबतीत मात्र माझं डोकं फिरलं.

काका मूळचे मालवणकडचे, गिरणी बंद झाल्यावर कुरिअर कंपनीत लागले, आता निवृत्त. काकू होळीच्या आधी गेल्या. काकू आणि प्रतिभाची आई एकाच गावच्या, त्यामुळे प्रतिभा त्या घरात लहानपणापासून आत-बाहेर करणारी. काकू गेल्यावर काकांनी खाली कट्ट्यावर यायचं सोडलं. डबा अर्धा परत जायला लागला. दिवसा खिडक्या बंद. कॅनडातला मुलगा मला फोन करून विचारायचा, “मावशी, बाबा आज बोलले का कुणाशी?” पालिकेच्या इस्पितळात दर बुधवारी मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे नोंदणीकृत माणूस बसतो, हे प्रतिभानेच मला शोधून दिलं होतं. मी काकांना सांगितलं, तर त्यांनी दार अर्धंच उघडून मला विचारलं, “मी काय खुळो झालंय काय?” मग दार लोटता लोटता म्हणाले, “त्या प्रतिभाक पाठव. तिच्याकडे बोलतंय.”

मी धावत चौथ्या मजल्यावर गेले. प्रतिभा इस्त्री करत होती.

“नाही,” ती म्हणाली.

“अगं, तो माणूस महिनोन् महिने गप्प आहे. तुझ्याशी बोलतो म्हणतोय!”

“म्हणूनच नाही. मी बसून ऐकलं की त्यांना वाटणार, झालं, दाखवून झालं. मग ते इस्पितळात कशाला जातील? आणि माझ्याकडून काही सुटलं तर? त्यांना झोप येत नाही ती कशामुळे, हे मला कळतं का? थोडंफार कळतं, हाच घोळ आहे. थोडंफार कळणारेच वाट लावतात.”

“तू माणूस आहेस की नियमावली? काकूंनी तुला भरवलंय गं लहानपणी!”

“ते सांगू नकोस मला,” ती म्हणाली आणि इस्त्री जोरात आपटली.

मी खाली येताना जिन्यात एकटीच बडबडत होते. त्या सोनेरी किनारवाल्याला खोली देत नाही, आणि स्वतः जाऊन बसतही नाही! तत्त्वं कुरवाळत बसा म्हणावं, तिकडे माणूस वाळत चाललाय.

पुढच्या आठवड्यात मी संध्याकाळी काकांकडे गॅसच्या पाइपच्या तपासणीचं सांगायला गेले. दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्र, त्यावर मोड आलेल्या कडव्या वालांचं पातेलं, एका बाजूला प्रतिभा, दुसऱ्या बाजूला काका. दोघंही वाल सोलत होते. काकांच्या बोटांना सवय नव्हती, त्यांच्याकडून अर्धे दाणे मोडत होते. आणि काका बोलत होते. काकू शेवटच्या दिवसांत पाणी मागायच्या तेव्हा डॉक्टरने मोजूनच द्यायला सांगितलं होतं, ते. सलग, खालच्या आवाजात, वालांकडे बघत.

प्रतिभा मान वर करत नव्हती. हं म्हणत नव्हती. माझी चाहूल लागताच तिने तिरप्या डोळ्यांनी दटावलं, तशी मी दारातच उभी राहिले. पातेलं रिकामं झालं. ती उठली, सालं गोळा केली आणि म्हणाली, “काका, बुधवारी ओपीडी असते. येते.”

जिन्यात मी तिला अडवलं. “आता हे काय होतं?”

“वाल. एकटीला सोलायला कंटाळा येतो.”

“ऐकत होतीस तू.”

“कानावर पडत होतं. ऐकणं वेगळं. मी साधं हं सुद्धा म्हटलं नाही. हं म्हणणं हीसुद्धा पद्धत असते, ती शिकावी लागते.”

“आणि ओपीडीचं?”

“माहिती देणं म्हणजे उपचार नव्हे. वार कोणीही सांगू शकतं.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाल. तिसऱ्या दिवशीही. इतकं वालाचं बिरडं एकटी बाई खाऊ शकत नाही. शहांकडे एक डबा गेला, दामल्यांकडे गेला, माझ्याकडे दोनदा आला. दाणे मोडलेले असले की मी ओळखायची, हे काकांनी सोललेले. मग मोडलेले दाणे कमी होत गेले. आणि एका मंगळवारी काकांनीच मला फोन केला. “उद्या रिक्षा सांग. पण ती प्रतिभा येतली तरच.”

तिने रजा टाकली. आम्ही तिघं गेलो. ओपीडीत बसणारी मुलगी प्रतिभापेक्षा वीसेक वर्षांनी लहान होती. दारावर नाव, खाली नोंदणी क्रमांक. प्रतिभाने तो तिथल्या तिथे मोबाइलवर तपासला, मग काकांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “जावा. हिच्याकडे सगळा बोला.” काका आत गेले. बरोबरच्यांनी बाहेर थांबायचं होतं. आम्ही बाकावर बसलो.

त्या बंद दाराकडे ती ज्या नजरेने बघत होती, ते बघून मी विचारलं, “तू कधी दिलीस का गं ती परीक्षा?”

“दोनदा. दुसऱ्यांदा लागला होता नंबर.”

“मग?”

“प्रवेश घ्यायच्या आधी आई पडली. पूर्ण वेळ हजेरी लागते, सांगितलंय ना तुला. आईलाही पूर्ण वेळ कोणीतरी लागत होतं.” ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. “मग ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली असेल. चांगलं झालं. वाया नाही गेली.”

“कधी बोलली नाहीस.”

“कोणाला सांगणार?”

 

काका बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते, पण पाठ सरळ होती. पुढच्या बुधवारी परत बोलावलंय म्हणाले. मागोमाग ती मुलगी दारात आली. “यांना कोण घेऊन आलं?”

प्रतिभा शाळेत उभी करतात तशी उभी राहिली. “मी. पण मी त्यांच्याशी काही बोललेली नाही. फक्त वाल सोलले.”

“माहितीये, त्यांनी सांगितलं.” मुलगी हसली. “फार चांगलं केलंत. तुमच्या घरी कोण कोण असतं?”

साधा प्रश्न होता. प्रतिभाने तोंड उघडलं आणि मिटलं. बाजाराच्या गल्लीतल्या बाईला घाम फोडणारी ही बाई, आता नुसती पर्सची चेन उघडत-लावत राहिली. काकांनीच पुढे होऊन तिच्या खांद्यावरची पर्स घेतली, ती कुठेतरी पडेल अशा काळजीने.

“पुढच्या बुधवारी काकांच्या नंतरची वेळ रिकामी आहे,” मुलगी म्हणाली. “यायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करून सांगा.”

“बघते,” प्रतिभा म्हणाली.  परतताना रिक्षात काका नाहूरच्या पुलापर्यंत काकूंच्या हातच्या बांगड्याच्या तिखल्याबद्दल सांगत होते, आणि या वेळी ती मधे मधे हं म्हणत होती.

आज मंगळवार आहे. रिक्षा सांगून झाली. काकांचा केसपेपर पिशवीत ठेवला. मुलाला कॅनडात कळवलं. चौथ्या मजल्यावर दिवा लागलाय, ती ऑफिसमधून आलीय. तिने ओपीडीत फोन केला का, एवढं वर जाऊन विचारायचं राहिलंय.