काळी चार

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुचित्राबाई गातील, असं मराठी मंडळाच्या विभाताईंनी परस्पर जाहीर करून टाकलं, आणि वृंदावन योजना या वसाहतीतल्या पळसुल्यांच्या घरी दोन वर्षांत प्रथमच दूध, गॅस आणि गिझर यांच्याखेरीज एक विषय निघाला.

दोन वर्षांपूर्वी चारुदत्तराव पळसुले रेल्वेच्या मोठ्या कचेरीत बढतीवर लखनौला आले. बढती त्यांची एकट्याची होती, बदली मात्र तिघांची झाली. पुण्यात सुचित्राबाईंचा गाण्याचा क्लास होता, बरोबर गाणाऱ्या मैत्रिणी होत्या, आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी बैठक व्हायची. इथे आल्यावर सामान उघडलं तेव्हा त्यांचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा मुका झालेला निघाला. "दुरुस्त करून आणतो," असं चारुदत्तराव काही दिवस म्हणाले, मग म्हणेनासे झाले. सुचित्राबाईंनी तानपुरा कपाटावर ठेवून दिला आणि गाणंही त्याच्याबरोबर वर गेलं. घरात भांडण नव्हतं, तक्रार नव्हती. कॉलेजात जाणारी मुलगी वेदिका फोनवर मैत्रिणींशी हिंदीत बोलायची, तेवढाच काय तो आवाज. चारुदत्तरावांना त्या शांततेचं फार वाईट वाटे. पण ती आपल्याच बढतीची कृपा आहे हे ठाऊक असल्यामुळे ते त्या विषयाच्या वाटेला जात नसत.

"मला नाही जमायचं," सुचित्राबाई पोळी वाढता वाढता म्हणाल्या. "तानपुरा नाही, रियाज नाही. विभाताईंना तसं कळवते."

"तानपुऱ्याचं मी बघतो," चारुदत्तराव म्हणाले.

"अरे बाबा, फोन पे ॲप है ना," वेदिका म्हणाली. "फ्री में आता है."

"आणि स्टेजवर साथीला कोण बसणार? मोबाईल?"

म्हणजे साथीला ते स्वतः बसणार होते. हे ऐकून सुचित्राबाईंची पोळी तव्यावर थोडी करपली. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात चारुदत्तरावांनी बायकोचा एकही कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकलेला नव्हता. कधी इन्स्पेक्शन निघे, कधी रुळांवरून डबा घसरे, आणि दोन्ही नसलं की फाईल असे. आता मात्र त्यांच्या मनाने घेतलं होतं. या एका कार्यक्रमानंतर बायको समाधानाने उठली तर ती पुन्हा गाईल, आणि फजिती झाली तर या जन्मात तोंड उघडणार नाही. सुचित्राबाईंना ते इतपत ओळखत होते.

लॅपटॉपवर सॉफ्टवेअरमधला सिंथेसायझर घेतला तर त्यातून हुबेहूब तानपुरा वाजवता येतो, ही माहिती वेदिकानेच दिली. पण स्टेजवर माउस घेऊन बसणं चारुदत्तरावांना प्रशस्त वाटेना. तेव्हा मिडी कंट्रोलर घ्यायचं ठरलं. लॅपटॉपला जोडायची एक पेटी. तिच्यावरचं बटण फिरवलं की पडद्यावरचं बटण आपोआप फिरतं, एवढंच तिचं काम.

पेटी निवडण्याचं काम चारुदत्तरावांनी टेंडर काढल्यासारखं केलं. आधी तांत्रिक निकष, मग तुलनात्मक तक्ता, मग किमती. पियानोसारख्या पट्ट्या असलेले सगळे नमुने पहिल्याच फेरीत बाद झाले, कारण पट्ट्या वाजवता यायला लागतात, आणि तानपुऱ्याला त्यांची गरज काय. राहिलेल्यांमध्ये ज्याचा पत्रा सर्वांत जाड तो पास, आणि पास झालेल्यांत जो सर्वांत स्वस्त तो मंजूर. अशा रीतीने घरात एक काळीकुट्ट लोखंडी पेटी आली. तिच्यावर आठ गोल काळे नॉब होते आणि दुसरं काहीही नव्हतं.

"यात पट्ट्या कुठायत?" सुचित्राबाईंनी विचारलं.

"पट्ट्या वगळल्या," चारुदत्तराव म्हणाले.

कोणत्या नॉबने काय व्हायचं हे सॉफ्टवेअरला एकदा शिकवावं लागतं. आईची गाण्याची पट्टी वेदिकाने आईलाच विचारून कायमची लावून ठेवली आणि मग बाबांना शेजारी बसवलं. "पहले स्क्रीन पे क्लिक करो, फिर नॉब घुमाओ. जो घुमाओगे, वही सीख लेगा." चारुदत्तरावांनी एक नंबरला खर्ज शिकवला, दोनला चमक शिकवली, तीनला कंप शिकवला. आवाज त्यांना आठ नंबरवर हवा होता. पण आठकडे हात नेताना स्वेटरची बाही चारला घासली, आणि सॉफ्टवेअर आवाज चार नंबरवर शिकून मोकळं झालं.

"डिलीट करके फिर से कर दूँ?" वेदिका म्हणाली.

"राहू दे. एकदा झालेली नोंद फिरवायची नसते." त्यांनी आठही नॉबांवर पांढऱ्या कागदाचे नंबर डकवले आणि पेटीला जुन्या सिग्नल केबिनची कळा आणली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रियाज सुरू झाला. सुचित्राबाई सतरंजीवर बसल्या, मागे पेटी घेऊन चारुदत्तराव बसले. सुचित्राबाईंनी घसा खाकरला आणि सवयीने म्हणाल्या, "काळी चार द्या."

चारुदत्तरावांनी काळ्या नॉबांपैकी चार नंबरचा हळूच फिरवला. तानपुरा उमलला आणि अगदी हव्या त्या सुरात उमलला. सुचित्राबाईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. आपली पट्टी काळी चार, म्हणजे बाजाच्या पेटीची चौथी काळी पट्टी, हे या माणसाला कळतं? विचारायला नको, सांगायला नको, म्हटल्याबरोबर दिली. त्यांना एकदम भरून आलं.

चारुदत्तरावांनाही भरून आलं होतं. आवाज चारवर आहे हे त्यांनी बायकोला सांगितलं नव्हतं. तरी तिने नंबर पाहून ठेवला होता. रंगासकट. लग्नानंतर त्यांच्या यंत्रात तिने घातलेलं हे पहिलंच लक्ष.

पुढचे दिवस बरे गेले. "काळी चार द्या," त्या म्हणायच्या आणि ते द्यायचे. रियाजानंतर त्या कधी नव्हे ते समोर बसून चहा घ्यायच्या. एकदा तर त्या वेदिकाला म्हणाल्या, "तुझे बाबा बदललेत गं." आणि वेदिका म्हणाली, "हाँ, स्वेटर भी बदल लें तो अच्छा है."

संक्रांतीच्या रविवारी लखनौवर असं धुकं पडलं की दुपारी तीनला गाड्यांचे दिवे लागले. साथीला यायचा तबलजी कानपूरच्या अलीकडेच अडकला. आता सगळी भिस्त तानपुऱ्यावर होती. हॉल गार होता आणि कार्यक्रम लांबला होता. आधी तिळगूळ, मग भाषण, मग विभाताईंच्या सुपीक डोक्यातून निघालेली काळ्या साड्यांची स्पर्धा. प्रत्येक बाईच्या पदराला नंबर टाचला होता. गाणारी बाई स्पर्धेत नाही, म्हणून परीक्षक सुचित्राबाईच. "घाई नाही," विभाताईंनी त्यांना सांगितलं होतं, "मनात नक्की झालं की माईकवर नंबर सांगा. मी बक्षिसाची चिकनकारीची ओढणी घेऊन उभीच आहे."

पहिल्या रांगेत चार नंबर लावून वसुधावहिनी बसल्या होत्या. त्यांची चंद्रकळा आजीची होती आणि तसं त्यांनी सगळ्यांना सांगून झालं होतं. त्यांचे यजमान चंद्रहाससाहेब चारुदत्तरावांचे वरिष्ठ. चारुदत्तरावांचा गोपनीय अहवाल त्यांच्याच हातचा.

सुचित्राबाई स्टेजवर बसल्या. इतका वेळ गारठ्यात बसून घसा धरला होता. मागून चारुदत्तरावांनी न सांगताच तानपुरा सोडला. सुचित्राबाईंनी नुसता सा लावून पाहिला आणि ओळखलं की आज इतकं उंच जायचं नाही. त्या मागे वळून हलकेच म्हणाल्या, "अहो, काळी चार नको. झेपणार नाही आज."

माईकला हळू बोललेलं जास्त नीट ऐकू येतं. सगळ्या हॉलने ऐकलं की काळी चार नको, झेपणार नाही. वसुधावहिनींनी पदर सावरला आणि त्या ताठ झाल्या.

"काळी तीन द्या," सुचित्राबाई पुढे म्हणाल्या.

विभाताई वाटच पाहत होत्या. "निकाल लागलेला आहे," त्यांनी दुसऱ्या माईकवरून सांगितलं. "नंबर तीन, सुनीतीताई, वर या." विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या सुनीतीताई गडबडून उठल्या. मिळेल ती काळी साडी गुंडाळून त्या आल्या होत्या. बक्षीस आपल्याला कसं, हे त्यांनाही कळेना.

इकडे चारुदत्तरावांनी चार बंद केला नाही, कारण तो बंद केला तर आवाज जातो. त्यांनी नुसता तीन फिरवला. तानपुरा हुडहुडी भरल्यासारखा थरथरू लागला.

"हे काय? मी तीन म्हटलं," सुचित्राबाई म्हणाल्या.

"तीनच आहे," चारुदत्तराव म्हणाले, आणि कमी पडत असेल म्हणून त्यांनी तो पूर्ण फिरवला. तानपुरा आता अक्षरशः रडायला लागला. त्या थरथरत्या सुरात विभाताईंनी सुनीतीताईंच्या खांद्यावर ओढणी घातली. विजेत्यासाठी खास संगीत योजलंय, असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"पट्टी उतरलेली नाही. आहे तिथेच आहे," सुचित्राबाईंचा आवाज रडकुंडीला आला. "मग पांढरी पाच तरी द्या."

हॉलमध्ये बायका एकमेकींच्या साड्या पाहू लागल्या. पांढरी कुणाचीच नव्हती. पहिल्या रांगेतल्या पाचव्या खुर्चीवर मात्र पांढरा चिकनचा कुर्ता घालून चंद्रहाससाहेब बसले होते. विभाताईंनी क्षणभर विचार केला आणि मंडळाचं शिल्लक राहिलेलं स्मृतिचिन्ह उचललं. "पुरुषांमधून साहेब," त्या म्हणाल्या. साहेब प्रसन्न होऊन वर आले. त्यांच्या शेजारची चंद्रकळा उठली आणि बाहेरच्या दाराकडे चालू लागली.

"पांढरी नाहीच आहे," चारुदत्तराव कपाळावरचा घाम पुसत म्हणाले. त्या थंडीत घाम आलेला तोच एक माणूस. "सगळे काळेच आहेत. बघ ना तू."

सुचित्राबाई पूर्ण वळल्या. त्यांनी पेटी पाहिली. आठ काळे नॉब, त्यांवर आठ नंबर. चारवर त्यांची नजर थांबली.

"इतके दिवस तुम्ही हा फिरवत होता?"

"तू सांगायचीस म्हणून."

तानपुरा कपाटावर ठेवला त्या दिवशी सुचित्राबाईंचा चेहरा जसा मिटला होता तसाच आता मिटला. त्यांनी माईक बंद केला. विभाताईंनी घड्याळ पाहून आभार मानले, गाणं पुढच्या वर्षी नक्की ठेवू असं म्हणाल्या, आणि लोक बॅगा भरून तिळगूळ घेऊन धुक्यात निघून गेले.

रायबरेली रोडवर समोरच्या गाडीचा दिवासुद्धा दिसत नव्हता. वेदिका मागच्या सीटवर कानात इअरफोनची बोंडं घालून झोपली होती. चारुदत्तराव पहिल्या गिअरमध्ये गाडी चालवत होते. साहेबांचा अहवाल, वहिनींचा राग, हे सगळं त्यांना दूरचं वाटत होतं. शेजारी बसलेली बायको जवळची होती आणि ती बोलत नव्हती.

तेलीबागच्या अलीकडे त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं, तुम्हाला माझा सूर कळायला लागला."

"मला वाटलं होतं, तुला माझे नंबर कळायला लागले."

यावर दोघांनाही हसू आलं नाही. थोडं अंतर गेल्यावर चारुदत्तरावांनी विचारलं, "पांढरी पाच म्हणजे मग असते कुठे?"

"काळी तीन आणि काळी चारच्या मध्ये."

"पाच?"

"हो."

"तीन आणि चारच्या मध्ये पाच कशी येईल? स्टेशनावर तीन आणि चारच्या मध्ये पाच नंबरचा फलाट कुणी बांधला तर चौकशी लागेल."

"बाजाच्या पेटीवर काळ्या वेगळ्या मोजतात, पांढऱ्या वेगळ्या. अठ्ठावीस वर्षं घरात पेटी बघताय."

"ते ठीक. पण ती बरोबर मध्येच कशी?"

सुचित्राबाईंचा संयम संपला. दिवसभराचा राग, दोन वर्षांचा राग, सगळा एकदम वर आला. "ऐका," त्या म्हणाल्या आणि त्यांनी बंद गाडीत सा लावला. "ही तीन." बसलेला घसा आधी खरवडला, मग मोकळा झाला. "ही चार." ती वर जाऊन टेकली, थोडी कापली, पण टेकली. "आणि ही मधली." पांढरी पाच त्यांनी लावली आणि श्वास संपेपर्यंत सोडली नाही. वेदिकाने कानातली बोंडं काढली.

"कळलं?"

"पुन्हा एकदा," चारुदत्तराव म्हणाले.

त्यांनी चिडून पुन्हा लावली. तीन, चार आणि मधली. या वेळी मधल्या सुरावरून त्या खाली आपोआप उतरत गेल्या, पार खर्जापर्यंत. गाडी धुक्यात जवळजवळ उभीच होती आणि मागच्याने हॉर्न वाजवला तरी चारुदत्तरावांनी गिअर बदलला नाही. दुसऱ्या खेपेला त्यांना सगळं लख्ख कळलं होतं.

"आता तरी?" सुचित्राबाईंनी विचारलं.

"नाही कळलं," चारुदत्तराव म्हणाले.