च्यांपियन हिराजी आणि डाव्या बाजूचे बोंबील

सकाळी सकाळी मुरुडच्या कोळीवाड्यात आलात आणि बोंबील वाळत घातलेल्या दोऱ्यांमधून एक उघडाबंब माणूस वाकत, झुकत, नाचत चाललेला दिसला, तर घाबरू नका. त्याच्या अंगात आलेलं नाही. तो आमचा शेजारी हिराजी. ओले बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने दोरीवर लोंबत असतात आणि हा त्यांच्यामधून ठोसे चुकवायचा सराव करतो. नियम एकच, बोंबील तोंडाला लागता कामा नये. लागला तर स्वतःच ओरडतो, "पॉइंट गेला!" आणि त्या बोंबलाला वाकून नमस्कार करतो.

वय वर्षं एकावन्न. तरुणपणी राज्याचा बॉक्सिंग चँपियन होता. ते दिवस गेले, होडी राहिली. पण वाड्यात त्याला अजून च्यांपियनच म्हणतात. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मासळी सुकवायच्या खळ्यावर चार खांब रोवतात, त्यांना होडीचे दोर बांधतात, की झाली रिंग. जिल्ह्यातला कुणीही येऊन हिराजीशी तीन राउंड खेळू शकतो. आजवर एकाचीही डाळ शिजलेली नाही.

"गार्ड वर!" हा त्याचा रामराम. लग्नात अक्षता टाकून झाल्या की नवऱ्याच्या कानात हळूच, "गार्ड वर ठेव." माझ्या सासऱ्यांना दवाखान्यात बघायला आला, तर नाकात नळी घातलेल्या त्या माणसाला म्हणतो कसा, "हनुवटी खाली, मामा. गार्ड वर!" सासरे बरे झाले ही गोष्ट वेगळी, पण माझी बायको त्याच्याशी महिनाभर धड बोलली नाही.

आता माझं. मी एसटीत तीस वर्षं कंडक्टर होतो. कंडक्टरला लोक मास्तर म्हणतात, तसा मी वाड्याचा मास्तर. तोंडाने फटकळ आहे, ते पासधारकांनी केलंय. रिटायर झालो त्याच वर्षी हिराजी घरी आला आणि म्हणाला, "मास्तर, घंटा मारायची सवय हाय तुमाला. शिमग्याला टाइम तुमीच बघा." बघितला. पहिल्याच राउंडची तीन मिनिटं संपली आणि तीस वर्षांच्या हाताने दोनदा टण्‌टण्‌ केलं. एसटीत एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. वाड्यातली सगळी पोरं एसटीत वाढलेली, त्यांना बरोब्बर कळलं. थांबलेले दोघं पुन्हा सुरू झाले! समोरच्या पैलवानाचे दोन दात त्या जादा मिनिटात गेले. तेव्हापासून हिराजी मला गुरू मानतो.

त्याची बायको मंगला बाजारात मासळी विकते. तिचा आवाज बंदरापर्यंत जातो, पण सात वर्षं झाली, नवऱ्याशी एक शब्द बोललेली नाही. त्याचं असं झालं. त्याच्या आदल्या साली शिमग्यात हिराजीचा जबडा निखळला. महिनाभर पेज पिऊन होता. मग नारळी पौर्णिमेला मंगलाच्या सांगण्यावरून त्याने दर्यात नारळ सोडला आणि सगळ्यांदेखत कबूल केलं, "आता खेलनार न्हाय." पुढच्या शिमग्याला पठ्ठ्या पुन्हा दोरांच्या आत! मंगला तिथेच गप्प झाली. बाहेरच्याला हे जास्त वाटेल. पण ज्या दर्याला नारळ देऊन खोटं बोलला, त्याच दर्यावर हा रोज पहाटे होडी घालतो. होडी परत येईपर्यंत त्या बाईच्या घशाखाली चहा उतरत नाही, हे मी ओटीवरून रोज बघतो.

घर मात्र चालायला हवं ना? मग ती पाटीतल्या मासळीशी बोलते. "आयक गं सुरमई, भात उतरवलाय. ज्याला भूक आसंल त्यानं जेवावं." हिराजीही कमी नाही. तो सुरमईला विचारतो, "तिला इचार, कालवन तिखट हाय का?" एकदा पाटीत नुसती कोळंबी होती, तर म्हणाला, "येवढीशी कोलंबी काय निरोप सांगनार? मास्तर, तुमीच सांगा." मी सांगितला. माझी ही दशा!

यंदा माघात मला काहीतरी वेगळं दिसलं. सकाळी दोऱ्यांमधून "पॉइंट गेला" असं दोनदा, चारदा, आठदा ऐकू यायला लागलं. मी ओटीवरून नीट बघितलं. उजवीकडचे बोंबील तो अजून लीलया चुकवत होता. डावीकडचे मात्र सरळ गालावर फटाफट बसत होते आणि बसेपर्यंत त्याला पत्ता नसायचा. मी त्याला धरून अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेला. ते म्हणाले, "डाव्या डोळ्याचा पडदा सुटत आलाय. लगेच ऑपरेशन करा. एक ठोसा बसला तर उरलीसुरली नजरही जाईल."

हिराजी डॉक्टरांना म्हणाला, "शिमगा झाला की येतो."

एसटीत बसल्यावर माझी सटकली. "अरे, डोकं आहे का खोकं? एकावन्न वर्षांचा घोडा झालास! कुणाला काय दाखवायचंय अजून?"

"घरी सांगू नका, मास्तर," एवढंच बोलला आणि खिडकीबाहेर बघत बसला. उजव्या डोळ्याने.

मीही मूर्खच. तोंड दाबून बसलो.

शिमग्याला बोर्ली पंचतनचा तौफिक आला. तिथे त्याची व्यायामशाळा आहे, वय असेल पंचवीस. पोरगा सज्जन, आधी हिराजीच्या पाया पडला. पण अंगाने असा, की एसटीत मी त्याला दोन सीटांचं तिकीट फाडलं असतं. मंगला नेहमीसारखी अगदी पुढे, पाटी पालथी घालून बसली होती. तोंडावर रेघ हलत नव्हती.

पहिल्या राउंडला हिराजी चलाख खेळला. मान तिरकी करून उजवा डोळा पुढे ठेवत होता, पण तो का तसं करतोय हे फक्त मला ठाऊक होतं. तौफिकचा हात उठला की माझा हात घंटेकडे जायचा. दीड मिनिटातच मी घंटा मारली.

"मास्तर, घड्याल बिघडलं काय?" लोक ओरडले.

"माझं घड्याळ, माझा टाइम!" मी खेकसलो.

दुसऱ्या राउंडला तौफिकला कळलं. खेळणाऱ्याला कळतंच. डावी बाजू उघडी आहे म्हटल्यावर त्याने तिकडून हात घातला. पहिला कानावर बसला. दुसरा खांद्यावर. तिसरा भुवईच्या वर असा बसला, की हिराजी दोरावर आदळला आणि चारही खांब हलले. मी घंटेवर तुटून पडलो.

स्टुलावर बसला तेव्हा त्याची भुवई फुटली होती. मी पाण्याचा फडका दाबला. "बस झालं. आता मी घंटा वाजवतच नाही. बघू कसा खेळतोस!"

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "मॅच झाली की ती हलद गरम करून आनते. बोलत न्हाय. पन सगल्या तोंडाला हात लावते. वरसातून येकदाच."

मी फडका पुन्हा पिळला.

"खेल सोडला, की तो हातबी गेला."

"अरे गाढवा, सोडलास तर बोलेल ती!"

"आनि न्हाय बोलली तर?" तो म्हणाला. "आज निदान वाटतं तरी, की सोडला तर बोलंल. सोडूनबी न्हाय बोलली, तर मंग माज्याकडं काय र्‍हायलं?"

दोनशे माणसांत हा इतका एकटा आहे, हे मला इतकी वर्षं शेजारी राहून कळलं नव्हतं. मला रडू आलं आणि रडू आलं की मी चिडतो. "मग हळद लावून घे आणि आंधळा हो! तिचं तोंड कशाने बघणार आहेस रे?"

तो उठला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. तौफिक हात वर करून पुढे आला, तर हिराजीने त्याला मिठी मारली आणि त्याचाच हात धरून उंच केला. कुणाला काही कळायच्या आत तो दोराखालून वाकून बाहेर पडला, मंगलापुढे जाऊन वाळूत गुडघ्यांवर बसला आणि ग्लोव्हज घातलेले दोन्ही हात तिच्यापुढे धरले.

ग्लोव्हजच्या नाड्या स्वतःच्या हाताने सुटत नाहीत. कुणीतरी दुसऱ्यानेच सोडाव्या लागतात.

मंगलाने त्याचा उजवा हात मांडीवर ओढला. जाळ्यांच्या गाठी सोडवणारी बोटं ती, पण आज नाडी सापडत नव्हती. शेवटी तिने दातांनी गाठ ओढली. एक ग्लोव्ह निघाला. दुसरा निघाला. दोन्ही तिने बाजूला वाळूत ठेवले. हिराजी मान खाली घालून बसला होता. मार खातानाही त्याला मी इतका घाबरलेला कधी बघितला नव्हता.

तिने त्याची हनुवटी धरून वर केली. उजवा डोळा आपल्या तळव्याने झाकला आणि म्हणाली, "डाव्या डोल्यानं मी दिसतंय का वो?"

म्हणजे बाईला सगळं माहीत होतं. रोज ते बोंबील दोरीवर टांगणारी तीच, डावीकडचे गेलेले पॉइंट तिनेही मोजले असणार.

हिराजीने तिचा तळवा डोळ्यावर तसाच दाबून धरला.

"न्हाय दिसत," तो म्हणाला. "पन आयकू आलीस."