राउटरसाठी सोज्जी-बज्जी

आमच्या होणाऱ्या राउटरला रघोजीमामांनी दाखवायला घरी बोलावलं होतं. नुसत्या कॉफीवर नव्हे, रीतसर सोज्जी-बज्जी करून. आमच्या तंजावरात मुलगी पाहायला आलेल्यांपुढे गोड सांजा आणि भजी ठेवतात, तीच ही. दुकानदार सेल्वम तीन खोकी घेऊन आला आणि पुढ्यात ताटली पाहून बिचारा बावरला. त्याचं लग्न कधीच झालं होतं!

मामा आमच्या मागच्या घरातले. नात्यानं कुणाचेच नाहीत, म्हणून सगळ्यांचेच मामा. राजवाड्यालगतच्या गल्ल्यांत जी मराठी घरं आहेत, त्यांतली निम्मी लग्नं त्यांनी जुळवलेली. हल्ली पोरं फोनवर आपलं आपण जमवतात. खुद्द मामांच्या मुलानं तमिळ मुलगी निवडली आणि मामांना फक्त मुहूर्त पुसला. मग इतकी वर्षं कमावलेली विद्या जायची कुठे? ती मिक्सर, पंखे आणि फ्रिजांवर घसरली. "मला पुसल्याविण यंत्र घरात आणू नको, शरी? समजलं ना?" अशी त्यांची अख्ख्या गल्लीला तंबी. समोरच्यांचा फ्रिज त्यांनी दुकानातच नापास केला. का, तर दार उघडताना कुरकुरला. "आत्ताच कुरकुर, तर घरात आल्यावर काय करेल?"

माझं घोडं वेगळंच अडलं होतं. मी इंटरनेटवरून मुलांना मराठी बोलायला शिकवते. मुलं आपल्या तंजावरी घरांतलीच, कुणी चेन्नईत तर कुणी पार अमेरिकेत. समजतं सगळं, पण तोंड उघडायला नको. वर्ग वाढला म्हणून इंटरनेटची धंद्यासाठीची मोठी जोडणी घेतली, पण राउटर तोच जुना, घरगुती. मी "तुझं नाव काय?" विचारावं आणि सगळ्या पोरांनी पडद्यावर उघड्या तोंडानिशी पुतळे व्हावं! दोन आयांनी स्पष्टच सांगितलं, "अक्का, पुन्हा असं झालं तर आम्ही मुलांची नावं काढून घेतो." वर्ग मोडला तर माझं काम गेलं आणि त्या पोरांची उरलीसुरली मराठीही गेली. माझा जीव टांगणीला लागला होता.

"एका वेळी किती माणसं सांभाळतो?" मामांनी पहिल्या खोक्याकडे बोट दाखवलं.

सेल्वमनं भला मोठा आकडा सांगितला.

"निम्मा धर," मामा मला मराठीतून म्हणाले. मग पुन्हा सेल्वमवर सरसावले. "उन्हाळ्यात डोकं तापलं की बसतो का? एक लाइन गेली तर दुसरीवर चालेल, की रुसून बसेल? बिघडला तर त्याच्या घरची माणसं धावून येतात, की फोनवर गाणी ऐकवतात?"

मला हसूही येत होतं आणि रागही. पण खरं सांगते, एकही प्रश्न वावगा नव्हता. पहिला गर्दीत दमणारा निघाला. दुसऱ्याला सहा शिंगं आणि निळे दिवे. "नटवा आहे," एवढं म्हणून मामांनी त्याला बाजूला सारलं. तिसरा साधा, काळा, दोन लाइनींवर चालणारा, पाहुण्यांना वेगळा पासवर्ड देणारा. "भिंतीपलीकडे पोचतो ना?" मामांनी पुन्हा पुन्हा विचारलं, कारण आमच्या चुन्याच्या भिंती चांगल्या जाडजूड. पोचतो म्हटल्यावर सेल्वमच्या ताटलीत आणखी सोज्जी पडली.

बसवायच्या वेळी मात्र जुंपली. सेल्वम म्हणे राउटर घराच्या मधोमध हवा. मामा म्हणे मागच्या खिडकीत, त्यांच्या ओसरीकडे तोंड करून. "तिथे वारा लागेल त्याला." वर पाहुण्यांचा पासवर्ड घेतला, तपासायला म्हणून वर्गाची लिंकही घेतली. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याला फुकटात सिरियली बघायच्यात! "घ्या, पण वर्ग अडखळला तर याद राखा," असा दम दिला.

वर्ग अडखळला नाही. आया गप्प झाल्या, उलट नवी मुलं आली. फक्त रोज एक काळा चौकोन पडद्यावर येऊन बसायचा. चेहरा नाही, आवाज नाही. मला वाटलं, कुणाची तरी आई पहारा देतेय. एकदा राउटरवर काय काय जोडलंय ते सहज पाहिलं, तर नेमकं वर्गाच्या वेळी पाहुण्यांच्या पासवर्डवर एक यंत्र जोडलेलं. म्हणजे मामा! सिरियल नाही, माझाच वर्ग, आणि तोही मला न सांगता!

दुसऱ्या दिवशी मुलांना आपसात बोलायला लावलं आणि तरातरा मागच्या ओसरीवर गेले.

मामा इस्त्रीचा सदरा घालून, केस विंचरून मुलाच्या जुन्या टॅबसमोर बसले होते. पडद्यावर चेन्नईची एक चिमुरडी धड्यातलं वाक्य घोकत होती, "आजोबा, तुम्ही जेवलात का?"

"जेवलो गं बाळा," मामा वाकून म्हणाले. "तू जेवलीस?"

माईक बंद होता. तिनं पुढचं वाक्य घेतलं, मामांनी त्याचंही उत्तर दिलं.

मला पाहून ते ओशाळले. "रागावू नको गं. सून रोज पुसते, मायेनं पुसते, पण तमिळमधून. तुझी मामी गेल्यापासून आपल्या बोलीत मला कुणी जेवलात का म्हणून पुसलं नाही."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी पुढे झाले, माईक आणि कॅमेरा दोन्ही चालू केले. "हे बघ, हे खरे आजोबा. आता विचार त्यांना."

ती बिचकली. मग एकेक शब्द जुळवत म्हणाली, "आजोबा... तुम्ही... जेवलात का?"

गल्लीभर आवाज घुमवणारे मामा नुसते पंचानं डोळे टिपत राहिले.

"सांगा ना मामा," मी म्हटलं, "पोर खोळंबलीय."