घूस नापास झाली त्याची गोष्ट

एका जंगलात, पोरांनो, सगळं धड चाललं होतं. म्हणजे कुणीतरी ते बिघडवणार हे आलंच. चुळबुळ करू नका, ऐका.

त्या जंगलाचं धान्याचं एक कोठार होतं. ते शेवंताक्का नावाची घूस सांभाळायची. दाणा नुसता हुंगून सांगायची, हा चार महिने टिकेल, हा उद्याच खाऊन टाका. तिच्या कारकिर्दीत उन्हाळ्यात कुणी उपाशी राहिलं नव्हतं.

एकदा सिंहमहाराज शेजारच्या जंगलात पाहुणे म्हणून गेले. तिथल्या कोठारप्रमुखाच्या डोक्यावर, भिंतीला पदवी टांगलेली. महाराजांना आपली लाज वाटली. घरी येऊन त्यांनी कॉलेज काढलं आणि हुकूम सोडला, "जो अर्थशास्त्राचा पहिला पदवीधर निघेल, कोठार त्याचं. तोवर घूस बघेल."

कोठार गेलं तर शेवंताक्कानं करायचं काय? ती तडक कॉलेजच्या खिडकीशी गेली. आत सरडा कारकून. मान सारखी हलवायचा, पण हो म्हणून कधीच नाही.

"भाऊसाहेब, पदवीला काय काय लागतं?"

"दहा विषय. सहा सक्तीचे, चार मर्जीचे."

"कुणाच्या मर्जीचे?"

"आमच्या. शिवाय हजेरी. शिवाय कोठारात पंधरा दिवस प्रात्यक्षिक, आणि त्यावर कोठारप्रमुखाची सही."

"अहो, कोठारप्रमुख मीच की!"

"आपल्या कागदावर आपलीच सही चालत नाही. चला, पुढचा कोण?"

पुढचा बगळा होता. तो मासे खाणारा, त्याला दाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एका पायावर डोळे मिटून उभं राहायला त्याला शिकवावं लागलं नाही. वर्गात तसाच उभा राहिला. हजेरी शंभर टक्के!

शिकवायला घुबड सर. ते दिवसा झोपेतच शिकवायचे.

एकदा म्हणाले, "इतर परिस्थिती कायम असताना दाणा कायम टिकतो. लिहून घ्या."

शेवंताक्का उठली. "सर, परिस्थिती कायम राहत नाही. ओल येते."

"ओल अभ्यासक्रमात नाही. खाली बस."

बसली बिचारी. घोकलं, लिहिलं, दहाही विषय सुटले. सरांचं वाक्य जसंच्या तसं उतरवून बगळ्याचेही सुटले. तिचं प्रात्यक्षिक तेवढं अडलं. बगळा मात्र पंधरा दिवस कोठारात उभा राहिला आणि कागद पुढे करून म्हणाला, "अक्का, तेवढी सही."

"अरे मेल्या, एक दाणा तरी हलवलास का?"

"पण रोज आलो की नाही?"

ते खरं होतं. तिनं सही करून दिली. दुसऱ्या दिवशी बगळा पदवीधर झाला आणि कोठाराची किल्ली तिच्याकडून त्याच्या चोचीत गेली. असल्या भल्या माणसांना मी सरळ मूर्ख म्हणतो. घूस असली म्हणून काय झालं?

बगळ्यानं पहिलं काम काय केलं? कोठार तळ्याकाठी हलवलं. त्याला तिथं बरं वाटायचं.

आठ दिवसांत धान्याला मोड आले. महाराज पाहणीला आले.

"हे हिरवं काय रे?"

"वाढ, महाराज! मागच्या आठवड्यात शून्य होती, आज बोटभर आहे."

महाराज खूश. पण आता बगळ्याची सही मिळेल म्हणून प्रात्यक्षिकाला आलेल्या शेवंताक्काच्या नाकात कुजका वास शिरला. पदवीचा कागद तिलाही हवाच होता. तरी तिनं उभं राहणं सोडलं आणि उरलेलं कोरडं धान्य तोंडात धरधरून माळावरच्या आपल्या बिळात नेलं. पंधरा दिवस कंबर मोडली. मग सही मागायला गेली.

"तू कोठारात थांबलीसच कुठे?" बगळा म्हणाला.

"धान्य वाचवत होते रे!"

सरड्यानं मान हलवली. "बिळात वाचवलंस. बीळ हे मान्यताप्राप्त केंद्र नाही. नापास!"

उन्हाळा आला. कोठारात नुसता काळा चिखल. सगळं जंगल शेवंताक्काच्या बिळापुढे रांगेत उभं राहिलं. हरणं, ससे, सरडा भाऊसाहेबसुद्धा. महाराजही आले, कारण हरणं जगली तरच महाराज जेवणार.

शेवंताक्कानं सगळ्यांना वाढलं. मग हात जोडून म्हणाली, "महाराज, आता तरी माझं कोठार मला द्या."

महाराजांनी आयाळ खाजवत विचार केला.

"धान्य आजपासून तूच सांभाळ."

"आणि कोठार?"

"ते पदवीधराकडेच राहील. नियम आहे. तिथं फक्त धान्य ठेवू नका, म्हणजे झालं."

बगळा त्या रिकाम्या कोठारात अजून उभा आहे. रोज दोन मासे पगार म्हणून पोचते होतात.

तात्पर्य: पोरांनो, काही करा पण पदवी घ्याच. नापास झालात तर जन्मभर काम करावं लागेल.