सेतुरावांची शुक्रवारची गाडी

गाडी सुरू करण्याआधी सेतुराव तिला गुदगुल्या करीत. त्यांच्या जुन्या विलायती मोटारसायकलच्या, पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या, कार्बोरेटरला एक बारीक बटण होतं. ते दाबलं की आत पेट्रोल भरून थोडं बाहेर ओघळे. सेतुराव ते एका बोटानं हळूच दाबत आणि म्हणत, "हांसली. आतां मारा किक."

किक मारायचा मान बहुधा मला मिळे. तंजावरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत त्यांचं कार्बोरेटरवरचं भाषण शेवटपर्यंत ऐकणारा शेजारी मी एकटाच उरलो होतो. मी शाळामास्तर, मला भाषणांची सवय. जगातल्या सगळ्या दुखण्यांचं निदान त्यांनी कार्बोरेटरमध्येच करून ठेवलं होतं. आमचे हेडमास्तर भडकले की सेतुराव म्हणत, "पेट्रोल जास्त, हवा कमी." माझी बायको गप्प असली की म्हणत, "पेट्रोल सोडणारं बारकं जेट तुंबलंय, मास्तर. मूठ जोरानं पिळूं नका, बंद पडेल."

ते महसूल खात्यात होते. कालव्याकालव्यानं गावं हिंडायचं काम. एरवी गाडी शहाण्यासारखी चाले. शुक्रवारी मात्र भाताच्या शेतांमध्ये कुठंतरी गाठून हमखास दगा देई. संध्याकाळी सेतुराव ओट्यावर तमिळ वर्तमानपत्र पसरून त्यावर कार्बोरेटर खोलत बसत. त्यांची बायको, मीनावैनी, कॉफी आणून देत आणि विचारत, "काय झालं हिला?"

"कार्बोरेटर."

शुक्रवारच का, असं मी एकदा विचारलं. "शुक्रवारचं पेट्रोल वेगळं असतं," ते म्हणाले.

माझी बायको पहिल्या बाळंतपणाला ओरत्तनाडूला माहेरी गेली होती. एका सकाळी निरोप आला: अडली आहे, डॉक्टरीणबाईंनी तंजावरहून इंजेक्शन मागवलंय, तातडीनं आणा. इंजेक्शन मिळालं, पण बस निघून गेली होती. सेतुरावांनी गाडी बाहेर काढली. नेमका शुक्रवार होता. मीनावैनी आम्ही वळेपर्यंत दारात उभ्या होत्या.

वळण घेतलं आणि गाडी थांबली. संपलं, असं मला वाटलं. पण गाडी सेतुरावांनीच थांबवली होती; ते शांतपणे उतरले, खिशातून टाचणी काढली आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं. झाकणावर मधोमध चंदनाचा ओला टिळा होता. तो त्यांनी रुमालानं पुसला आणि खालचं भोक टाचणीनं मोकळं केलं.

"एथनं हवा आत जाते," ते म्हणाले. "हें बुजलं की पेट्रोल उतरत नाहीं. कार्बोरेटर बिचारा उपाशी मरतो."

"म्हणजे दर शुक्रवारी..."

"ती न्हाऊन टिळा लावते. लेंकराचं कपाळ नाहीं आमच्या घरीं, मास्तर. तिनं लावलेलं मी कसं पुसूं? गाडी बंद पडली की मग पुसावंच लागतं."

"बाजूला लावा म्हणून सांगा की त्यांना."

"इतके दिवस आपल्याच हातानं बंद पडत होती, हें कळलं तर ती लावायचंच सोडेल. सरी, चला, बसा."

ओरत्तनाडूपर्यंत गाडी एकदाही खोकली नाही. इंजेक्शन वेळेत पोचलं. मुलगी झाली, आणि मायलेकी दोघी वाचल्या. सेतुरावांचे उपकार मी कधी फेडू शकलो नाही, आणि तसा प्रयत्नही केला नाही. गाडी बंद पडायच्या आधी, ओला असतानाच, टिळा त्यांनी आयुष्यात एकदाच पुसला, तो माझ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी मी परतलो, तर ते ओट्यावर कार्बोरेटर खोलून बसलेले. मीनावैनींनी माझ्या हातावर साखर ठेवली.

"वाटेंत बंद नाहीं ना पडली? सुखरूप पोचावं म्हणून काल मी चंदन जरा जास्तच लावलं होतं."

"म्हणूनच वेळेवर पोचलो, वैनी," मी म्हणालो.

सेतुरावांनी मान वर केली नाही. हातातलं स्वच्छ जेट त्यांनी पुन्हा एकदा फुंकलं.